बुलपेनकडे बघत काढलेला उन्हाळा

परवा टपालपेटीत बेसबॉल क्लबचं पत्रक पडलं होतं. पातळ पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत ‘नवा हंगाम’, खाली सामन्यांचे रविवार, आणि तळाशी कुठल्या रविवारी कोण केक आणणार याची रिकामी यादी. जर्मनीत दोन माणसांनी मिळून काही करायचं ठरवलं की तिसऱ्याला केकचं बघायला सांगतात. पत्रक वाचता वाचता माझा उजवा पाय हलायला लागला. समोर मीनल भाजी चिरत होती. तिने पायाकडे बघितलं, मग कागदाकडे. “झालं सुरू?” ती म्हणाली. बायकोला अठ्ठावीस वर्षांत नवऱ्याचं दुसरं काही कळो न कळो, पाय कळतो.

हा पाय हलायला लागला तो तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. त्याआधी मी तसा शांत माणूस होतो, किंवा निदान तशी माझी ख्याती होती.

आमच्या गावच्या टीमचं नाव मार्डर. मार्डर म्हणजे मुंगसासारखा एक प्राणी, गाडीच्या बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतो. स्टुटगार्टच्या आसपास अर्धी वस्ती गाड्यांच्या जिवावर जगते, आणि त्यातल्या एका गावाने टीमला हे नाव द्यावं, याला काय म्हणावं! मैदान आम्हाला खरं तर क्रिकेटसाठी मिळालं होतं. शनिवारी आम्ही, रविवारी ते. मग आमच्यातलं कोणी म्यूनिकला गेलं, कोणी कॅनडाला, कोणाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. अकराचे सात झाले, सातांचे चार, आणि शेवटी मी आणि श्रीरंग असे दोघंच उरलो. श्रीरंग माझा पुण्यातला कॉलेजचा मित्र, गेर्लिंगेनला इंजिनिअर आहे, आणि या खंडात मला ‘साठ्या’ म्हणणारा एकमेव माणूस. दोघांत क्रिकेट होत नाही. म्हणून आम्ही रविवारी जाऊन दुसऱ्यांचा खेळ बघायला लागलो, आणि बघता बघता त्यावर भांडायलाही लागलो. मराठी माणसाला खेळ कळायला वेळ लागतो, पण टीम कशी निवडावी हे त्याला पहिल्या दिवसापासून कळतं.

गवताच्या उतारावर आमच्या जागा ठरलेल्या. मधे हेर केलर (‘हेर’ म्हणजे इथलं ‘श्रीयुत’), अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, घरून आणलेली उशी आणि थर्मास घेऊन. लहानपणी अमेरिकन सैनिकांकडून ते हा खेळ शिकले होते. त्यांच्या उजवीकडे मी, डावीकडे श्रीरंग, मांडीवर वही. प्रत्येक पिचरने किती चेंडू टाकले, कितव्या चेंडूनंतर त्याचा दम गेला, हे सगळं तो त्या वहीत टिपायचा. ऊन असलं की गवताचा वास यायचा, ढग आले की भाजलेल्या सॉसेजचा.

क्रिकेटवाल्याला बेसबॉलमधली एक गोष्ट फार दिवस पचत नाही. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. तो थकला की त्याला काढून दुसरा आणतात. तोवर हे दुसरे-तिसरे मैदानाच्या कडेला, कुंपणालगतच्या एका पट्टीत हात गरम करत उभे असतात. त्या पट्टीला म्हणायचं बुलपेन. इथवर ठीक. पण एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. आपल्याकडे गोलंदाजाला चार षटकं विश्रांती देतात, शेवटी पुन्हा बोलावतात. इथे तसं नाही. काढला तो काढला. मी हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा हेर केलरना दोनदा विचारलं होतं, नक्की ना?

त्या वर्षी मार्डर खालच्या गटात घसरली होती. दोन अमेरिकन खेळाडू मायदेशी गेले, तिघं दुसऱ्या क्लबात. टीम नव्याने बांधायची होती, आणि सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबायचा: शेवटच्या डावांत चेंडू कोणाच्या हातात द्यायचा? मात्थियासच्या की योनासच्या? मात्थियास एकोणचाळीस वर्षांचा, आठवडाभर लोकांच्या छपरांवर कौलं बसवायचा आणि रविवारी दुखरा खांदा घेऊन यायचा. योनास बावीसचा विद्यार्थी, हातात वेग भरपूर, पण चेंडू कुठे जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसे.

त्याच्या आदल्या हंगामात मी कट्टर तरुणांच्या बाजूचा होतो. “म्हाताऱ्यांना नारळ द्या!” असं मी त्या उतारावरून मराठीत ओरडलेलो आहे. हेर केलरना अर्थ विचारावासा वाटला, श्रीरंगने भाषांतर करून दिलं, आणि हेर केलर नुसते “हं” म्हणाले होते.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं करून सांगण्यात आलं की विभाग नव्याने उभारायचा आहे. आमची कंपनी मध्यम आकाराची. घरं गरम ठेवणाऱ्या हीटिंगच्या पंपांचे कंट्रोलर बनवते, आणि त्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचं काम अठरा वर्षं माझ्याकडे होतं. ते आता पुण्याच्या ऑफिसात जाणार होतं. कोण राहणार आणि कोण जाणार, ते सप्टेंबरमध्ये कळणार. म्हणजे गंमत बघा, मी पुण्याहून इथे आलो, आणि माझं काम मला इथेच सोडून पुण्याला निघालं होतं.

मला हसू आलं नाही. मला भीती वाटली. पन्नाशीला आलेला माणूस, चौदा वर्षांची मुलगी, इथल्या शाळेत रुजलेली. इथल्या कायद्यात सोत्सियालआउसवाल म्हणून एक प्रकार आहे. माणसं कमी करायची असली की वय, नोकरीची वर्षं, घरी पोसायची माणसं यांचे गुण मांडतात, आणि ज्याचे गुण जास्त तो सहसा टिकतो. सहकारी मला पाठीवर थाप मारून म्हणायचे, तुझे गुण चांगले आहेत. वयाबद्दल माझं कोणी अभिनंदन करण्याची ती पहिलीच वेळ.

तो सगळा उन्हाळा मी उभ्यानेच काढला असं मला आता वाटतं. फ्रीज उघडायचा, काही न घेता बंद करायचा. मेल बघायचा, दोन मिनिटांनी पुन्हा बघायचा. स्टेशनवर एस-बानची वाट बघताना फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं. संध्याकाळी सोफ्यावर बसलो की स्वरा पुस्तकातून मान वर न करता ओरडायची, “पापा, डाइन बाइन!” म्हणजे बाबा, तुझा पाय. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र जर्मनमधून येतात. मी पाय थांबवायचो. मग बोटं वाजायला लागायची.

एकदा मीनल म्हणाली, “अरे, नोकरी गेली तर गेली. दुसरी बघू. एवढं काय?” ती मनापासून म्हणाली होती. मी तिच्यावर खेकसलो. कारण नोकरी तर मला हवीच होती, पण मला जे खात होतं ते निराळं होतं, आणि ते मला तिच्यापाशी बोलता येत नव्हतं. माझ्यावाचून यांचं अडेल का, एवढंच मला रात्रंदिवस जाणून घ्यायचं होतं.

ज्या कामावरून मी एवढा कासावीस होतो, ते मुळात माझं नव्हतंच. ते हेर केलरांचं होतं. अठरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्या ऑफिसात शिरलो तेव्हा साठीचे हेर केलर मुदतीआधी निवृत्त होत होते आणि मला त्यांचं काम समजून घ्यायचं होतं. इथे या सोपवण्याला युबरगाबे म्हणतात आणि ते मोठ्या गांभीर्याने करतात. चार महिने रोज सकाळी सात वाजता आम्ही शेजारी शेजारी बसलो. शेवटच्या दिवशी त्यांनी मला टेबल पुसून दिलं होतं. त्यानंतर आमची गाठ पडली ती थेट या गवताच्या उतारावर, आणि तरीही आम्ही एकमेकांना आजतागायत हेर केलर आणि हेर साठेच म्हणतो.

आता सोपवण्याची पाळी माझी होती. पुण्याच्या टीमची प्रमुख गौरी, बत्तीस वर्षांची असेल. रोज सकाळी व्हिडिओ कॉल. आमचा मॅनेजर खूश होता. “तुमची भाषा एकच, किती सोयीचं!” तो म्हणायचा. गौरी हुशार होती, आणि मला त्याचा राग यायचा. प्रश्न नेमका विचारायची, उत्तर पुरं होण्याआधी तिला कळलेलं असायचं. “सर, ही ओळ कशासाठी आहे?” तिने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं. “इथे सेन्सरकडे चार मिनिटं दुर्लक्ष करतोय आपण. काही उपयोग दिसत नाही. काढून टाकू?”

उपयोग होता. बाहेर उणे आठच्या खाली गेलं की तो सेन्सर पहिली चार मिनिटं चुकीचं तापमान दाखवतो. पाणी गार असताना गरम आहे म्हणून सांगतो, आणि कंट्रोलर पंप बंद करून मोकळा होतो. मग डोंगरातल्या एखाद्या घरात म्हातारा-म्हातारी कुडकुडत बसतात. हे शोधायला मला दोन हिवाळे लागले होते. ग्राहकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, स्वेटरवर स्वेटर घालून प्रयोगाच्या थंड खोलीत बसलो होतो. पुण्यात उणे आठ कुठून आणणार? तिथे बसून हे कोणालाही, कितीही हुशार असलं तरी, कळणं शक्य नव्हतं. मी गौरीला म्हणालो, “बघू नंतर.”

मी लबाड माणूस नाही. निदान त्या जूनपर्यंत नव्हतो.

खरी फजिती पुढे झाली. माझ्या संगणकावर एक फोल्डर होतं. कामातल्या खाचाखोचा, फसलेले प्रयोग, कोणाला सांगण्यासारखं नसलेलं सगळं मी त्यात लिहून ठेवायचो, आणि लिहायचो मराठीत, कारण डोकं चालतंच मराठीत. जर्मन सहकारी मागून डोकावायचे, “काय चित्रं काढतोस?” म्हणून हसायचे आणि निघून जायचे. त्या फोल्डरला मी कधी पासवर्ड लावला नाही. गरजच नव्हती, त्या इमारतीत देवनागरी वाचणारा मी एकटा. ही सवय अशी अंगवळणी पडली होती की जुलैतल्या एका सकाळी कॉलवर स्क्रीन दाखवताना ते फोल्डर बाजूला सताड उघडं आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

“सर, एक मिनिट,” गौरी म्हणाली. “ते डावीकडे ‘थंडीतली भानगड’ लिहिलंय, ते काय आहे?”

आयुष्यात पहिल्यांदा त्या स्क्रीनवरचं कोणीतरी वाचलं होतं.

“अगं ते… घरचं आहे. आमच्या घरच्या हीटिंगचं.”

“अच्छा. मला वाटलं कंट्रोलरचं.”

“नाही, नाही.”

मी फोल्डर बंद केलं आणि उरलेला अर्धा तास काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्या रविवारी मी उतारावर गेलो तोच वाद घालायच्या तयारीने. सातव्या डावात प्रशिक्षकाने योनासला गरम व्हायला सांगितलं आणि मी भडकलो. मात्थियासला अनुभव आहे, त्याला फलंदाजांची नस न् नस माहीत आहे, अशा माणसाला वेगापायी बाजूला सारता का, वगैरे. श्रीरंगने वही पुढे केली.

“आल्झो, तर मग, आकडे बघ ना साठ्या. वीस चेंडू झाले की त्याचा खांदा संपतो. गेल्या पाचही सामन्यांत.”

“आकड्यांत सगळं येत नाही.”

“गेल्या वर्षी तूच म्हणत होतास, टीम नवी बांधायची तर दयामाया नको. नारळ द्या म्हणत होतास.”

“तेव्हा मला कळत नव्हतं.”

“आणि आता कळायला लागलं?” श्रीरंगने वही मिटली. “तू मात्थियासबद्दल बोलतच नाहीयेस. तू स्वतःबद्दल बोलतोयस. मग बोल की सरळ! इथे कोण परकं आहे?”

आम्ही मराठीत बोलत होतो, पण हेर केलरांनी आवाज ओळखला असावा. त्यांनी थर्मासचं झाकण कॉफीने भरलं आणि माझ्या हातात दिलं. कॉफी कोमट होती. मी श्रीरंगशी त्या दिवशी पुन्हा बोललो नाही, पुढचे दोन रविवारही नाही. तिशी ओलांडल्यावर झालेली भांडणं मिटायला वेळ लागतो, आणि इथे परदेशात तर भांडायला माणूसही मोजकाच असतो, त्यामुळे त्या अबोल्याने मी अधिकच सैरभैर झालो. मीच फोन केला शेवटी. तो म्हणाला, “ये रविवारी, गेनाऊ, बरोब्बर तीन वाजता,” जसं काही झालंच नव्हतं.

ऑगस्टमधला तो सामना. टीमला गटात टिकायचं तर जिंकणं भाग होतं. एका धावेची आघाडी, शेवटचा डाव, आणि प्रशिक्षकाने चेंडू मात्थियासच्या हातात दिला. मी श्रीरंगकडे विजयाने बघितलं. मात्थियासने पहिला फलंदाज बाद केला. दुसऱ्याला चार चेंडू बाहेर, तो फुकटात पहिल्या तळावर. तिसऱ्यालाही तसंच. सतरावा, अठरावा, एकोणिसावा चेंडू, श्रीरंग पेन्सिल चालवत होता आणि मोठ्याने काहीच म्हणत नव्हता, ही त्याची मेहेरबानी. प्रशिक्षक चालत मैदानात गेला. मात्थियासने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि निघाला. लोक टाळ्या वाजवत होते. मला बघवेना.

योनास आला तो घाबरलेलाच. दोन चेंडू जमिनीवर आपटले. नंतर कसंबसं जमलं, एक उंच फटका झेलला गेला, एक माणूस धावताना बाद झाला, मार्डर जिंकली. पण मी ते अर्धंच बघितलं. माझं लक्ष कुंपणाकडे होतं. बाहेर काढलेला मात्थियास बाकावर जाऊन बसला नव्हता. त्याने दुसऱ्या कोणाचा तरी जाड हातमोजा चढवला, बुलपेनमध्ये उकिडवा बसला, आणि योनासलाही जमलं नाही तर हाताशी असावा म्हणून तिसऱ्या एका पोराचा हात गरम करून घ्यायला लागला. त्याचे चेंडू झेलत होता, बोटं चेंडूवर कशी धरायची ते दाखवत होता. काढलेल्या पिचरला खेळता येत नाही, पण एवढं करायला नियमाची हरकत नसते. मला ते तोवर माहीत नव्हतं.

श्रीरंग केक आणायला गेला तेव्हा मी हेर केलरांना सगळं सांगून टाकलं. ती ओळ, गौरी, घरच्या हीटिंगची थाप. “तुम्ही मला सगळं दिलंत,” मी म्हणालो, “आणि मला तेवढं जमत नाही. मला लाज वाटते, पण जमत नाही.”

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

“सगळं नाही दिलं, हेर साठे,” ते म्हणाले. “थंडीतलं ते मला माहीत होतं.”

मला आधी कळलंच नाही.

“जुन्या कंट्रोलरमध्ये मी ते हाताने निभावून न्यायचो. तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, पहिल्या हिवाळ्यात अडेल तेव्हा तुमचा फोन येईल. टेलिफोन आमच्या पॅसेजमध्ये होता, मी खोलीचं दार उघडं ठेवून बसायचो. बायको म्हणायची फिरायला चल, मी म्हणायचो उद्या. दोन हिवाळे. मग कोणीतरी सांगितलं, तुम्ही स्वतःच शोधून काढलंत.”

“आणि मग?”

“मग फिरायला जायला लागलो. पण तोवर तिचे पाय दुखायला लागले होते.”

मला त्यांचा संताप आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा, उशीवर बसलेल्या. त्या दोन हिवाळ्यांत आपल्याला आता परत पाठवणार म्हणून मी झोपलो नव्हतो, मीनल नव्या देशात दिवसभर एकटी होती, आणि हा माणूस दार उघडं ठेवून माझ्या फोनची वाट बघत होता! एक फोन मला का नाही करावासा वाटला, हेही मला त्याच वेळी आठवलं. मला दाखवायचं होतं की मला कोणाची गरज नाही. श्रीरंग तीन बशा घेऊन आला. आम्ही प्लमचा केक खाल्ला. घरी जाताना मी हेर केलरांची उशी त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिली.

सोमवारी कॉल सुरू झाल्या झाल्या मी म्हणालो, “गौरी, ती चार मिनिटांची ओळ आहे ना, ती काढू नकोस.”

“नाही काढली, सर. तुम्ही लिहिलीये म्हणजे काहीतरी कारण असणार, म्हटलं. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल.”

मी ते फोल्डर उघडून तिच्यासमोर ठेवलं. ‘थंडीतली भानगड’ पहिली. “हे घरचं ना, सर?” तिने विचारलं, अगदी सरळ आवाजात. मी म्हणालो, “खोटं बोललो होतो.” ती “ठीक आहे” म्हणाली आणि वही घेऊन बसली. तीन आठवडे आम्ही ते फोल्डर वाचलं. मी वैतागून लिहिलेल्या शिव्यांपाशी ती मोठ्याने हसायची. काही ठिकाणी माझं मलाच आठवत नव्हतं, ते तिने समजावून दिलं.

सप्टेंबरमध्ये पत्र आलं. गुणांनी मला तारलं. खुर्ची राहिली, काम गेलं. आता मी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो. सभ्य काम आहे, पाच वाजता संपतं.

त्या जानेवारीत एका सकाळी आमच्या इथे उणे अकरा झालं, डोंगरात उणे सोळा. मी सात वाजता स्वयंपाकघरात बसलो होतो, पुण्यात साडेअकरा वाजले असणार. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. मीनल कोट घालून आली, म्हणाली, “बर्फ बघ किती छान पडलाय, चल एक चक्कर मारू.” मी म्हणालो, थांब जरा. ती थांबली, मग एकटीच गेली. नऊ वाजले, दहा वाजले. माझ्यापर्यंत एकही तक्रार आली नाही. फोन त्या दिवशी वाजला नाही, त्या हिवाळ्यात वाजला नाही, नंतरच्या दोन हिवाळ्यांतही नाही. मी गौरीला फार चांगलं शिकवलं होतं.